समुद्रपक्ष्यांच्या वाटा आणि परतीची नोंद

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लिखित पाठ)



अशा व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाटक, इतिहास किंवा समीक्षा यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. समुद्रावरच्या पक्ष्यांविषयी बोलण्याचा माझा मानस मी कळविला, तेव्हा माळव्याच्या पठारावर बसलेल्या श्रोत्यांना समुद्राचे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. परंतु ज्यांनी महेश्वरच्या घाटावर बसून नर्मदेकडे घटकाभर पाहिले आहे, त्यांनी राखी-पांढऱ्या अंगाचा, काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा एक चपळ पक्षी पाण्यावर सूर मारताना खचित पाहिला असेल. तो नदी सुरय. मी ज्याची हकीकत सांगणार आहे तो आर्क्टिक सुरय या आपल्या शेजाऱ्याचाच भाऊबंद. नदी सुरय नद्या-तलावांच्या आसऱ्याने राहतो, तर हा भाऊबंद दर वर्षी पृथ्वीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि परत येतो.

पक्षी ऋतूंबरोबर येतात-जातात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. कालिदासाच्या मेघदूतातले राजहंस मेघाची गर्जना ऐकून मानसरोवराच्या ओढीने निघतात आणि कैलासापर्यंत त्याला सोबत करतात. म्हणजे जाणे ठाऊक होते, दिशाही ठाऊक होती. पण वाट कोणती, मुक्काम कोठे, किती दिवसांचा, आणि जो हंस गेला तोच परत आला का, हे प्रश्न कवीचे नव्हेत. ते विचारायला आणि त्यांची उत्तरे मिळवायला माणसाला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत तर बरीचशी उत्तरे एकविसाव्या शतकातच हाती आली. ती कशी आली, आणि त्यांत परत येण्याला किती मोल आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख करून देतो. आर्क्टिक सुरय वजनाला शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. चोच आणि पाय लालभडक, शेपटी लांब व दुभंगलेली. ग्रीनलंड, आइसलंड, ब्रिटनचे उत्तर किनारे, स्कँडिनेव्हिया, कॅनडा, अलास्का अशा उत्तरेकडील प्रदेशांत तो उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतो. पिल्ले उडती झाली, की हे थवे दक्षिणेकडे निघतात आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या हिमसमुद्रावर पोहोचतात. तेव्हा तेथे उन्हाळा असतो. असे दोन्ही गोलार्धांचे उन्हाळे भोगणारा हा जीव वर्षभरात जितका सूर्यप्रकाश पाहतो, तितका क्वचितच दुसरा कोणी पाहत असेल.

आता प्रश्न असा, की हाच पक्षी तेथे गेला हे ओळखावे कसे? थव्यातला एक सुरय दुसऱ्यासारखाच दिसतो. या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर एका शाळामास्तराने दिले. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंग जातीच्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. त्याआधी त्यांनी जस्ताची कडी वापरून पाहिली होती, पण ती जड झाली. ॲल्युमिनियमच्या कड्यावर त्यांनी क्रमांक कोरला आणि पत्ता कोरला. ज्याला हा पक्षी सापडेल त्याने या पत्त्यावर कळवावे, एवढीच त्यामागची विनंती.

ग्रंथालयाच्या सभासदांना या युक्तीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक असतो आणि ग्रंथालयाचा शिक्का असतो. पुस्तक कोणाच्याही घरी, कोणत्याही गावी जावो, त्याचे घर कोणते ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते. मॉर्टेन्सन यांनी पक्ष्यांना दाखल क्रमांक दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

या विद्येचा आपल्या परिसराशीही जवळचा संबंध आहे. हिंदुस्थानात पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला आरंभ झाला तो येथून जवळच, धार संस्थानात. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहयोगाने आणि धारच्या महाराजांच्या आश्रयाने तेथे हिवाळी रानबदकांना कडी घातली गेली. पवारांच्या धारेचा उल्लेख आपण भोजराजाच्या संदर्भात नित्य करतो. या कामासाठीही तिचे स्मरण ठेवावे.

कड्याने काय साधले, याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ फार्न नावाची बेटे आहेत. तेथे १९८२ च्या उन्हाळ्यात आर्क्टिक सुरयाच्या एका पिल्लाला कडे घातले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्नला आढळले. उडायला लागून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्याने २२,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले होते. पण कड्याची मर्यादाही याच उदाहरणात दिसते. कडे दोन ठिकाणे सांगते, मधली वाट सांगत नाही. नकाशावर फार्न आणि मेलबर्न ही दोन टिंबे मिळाली, की त्यांना जोडणारी रेघ आपण आपल्या मनाने ओढतो. शिवाय समुद्रावर मेलेला पक्षी लाटांच्या स्वाधीन होतो आणि त्याचे कडे वाचायला तेथे कोणी नसते. म्हणून हजारो कड्यांमागे मोजक्यांचीच वार्ता येते.

दुसरा प्रश्न असा, की हे पक्षी खरोखरच वाट ओळखून परततात, की केवळ भटकत भटकत घरी लागतात? यासंबंधी १९५२ सालची एक हकीकत अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. वेल्सच्या किनाऱ्यालगत स्कोकहोम नावाचे लहानसे बेट आहे. मँक्स शिअरवॉटर हे समुद्रपक्षी तेथे जमिनीतल्या बिळांत घरटी करतात. रोझारिओ माझिओ हे अमेरिकेतील बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवादक. ते तेथील दोन पक्षी आपल्याबरोबर घेऊन गेले. त्यांतला एक प्रवासात दगावला. दुसरा जूनच्या आरंभी बॉस्टन येथे सोडण्यात आला. मधे अटलांटिक महासागर होता, सुमारे पाच हजार किलोमीटरांचा. साडेबारा दिवसांनी, मध्यरात्रीनंतर, तो पक्षी स्कोकहोमच्या आपल्या बिळात सापडला. पक्षी अमुक दिवशी सोडला असे कळविणारे पत्र अद्याप बेटावर पोहोचले नव्हते. पक्षी आधी आला, पत्र मागाहून आले. पक्ष्याच्या पराक्रमाबद्दल आपल्याला नवल वाटते, आणि वाटलेच पाहिजे. पण त्या रात्री कोणीतरी बेटावर जागे होते आणि बिळात हात घालून कड्याचा क्रमांक पाहत होते, हेही विसरू नये. कोणी पाहणारा नसता, तर पक्षी परत आला असता आणि आपल्याला ते कधीच कळले नसते.

यापुढचे पाऊल म्हणजे वाटेचीच नोंद. १९८९ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील क्रोझे बेटांवर फ्रेंच शास्त्रज्ञांनी भटक्या अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पाठीवर लहान प्रेषक बसविले आणि उपग्रहांकरवी त्यांचा माग काढला. घरट्यावर जोडीदार अंडे उबवीत असताना हे पक्षी भक्ष्याच्या एकेका फेरीत हजारो किलोमीटर हिंडून येतात, असे त्यात आढळले. पण अल्बट्रॉस हा आठ-नऊ किलोंचा धिप्पाड पक्षी. शंभर ग्रॅमच्या सुरयावर तसला प्रेषक लादणे म्हणजे वाटसरूच्या डोक्यावर जात्याची तळी ठेवण्यासारखे. पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून अधिक ओझे शक्यतो लादू नये, असा या क्षेत्रातला संकेत आहे.

ही अडचण दूर केली ती जिओलोकेटर नावाच्या चिमुकल्या यंत्राने. त्याचे तत्त्व मात्र अगदी जुने आहे, आणि ते आपल्याइतके सहज कोणाला समजू नये. आपल्या घरी भिंतीवर पंचांग असते. त्यात रोजचा सूर्योदय, सूर्यास्त आणि दिनमान दिलेले असते. दिनमान अक्षांशाप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात जसजसे उत्तरेकडे जावे, तसतसा दिवस मोठा होतो. म्हणजे तारीख आणि दिनमान ठाऊक असेल, तर आपण विषुववृत्तापासून किती दूर आहोत ते काढता येते. उरले रेखांश. त्यासाठी स्थानिक मध्यान्ह केव्हा झाले, हे एका ठराविक ठिकाणच्या वेळेशी ताडून पाहावयाचे. दर चार मिनिटांच्या फरकाला एक अंश. आपले ज्योतिषी यालाच देशांतर म्हणत, आणि त्यासाठी त्यांनी धरलेली मूळ रेषा येथून ५५ किलोमीटरांवरच्या उज्जयिनीवरून जाते. आज ती रेषा ग्रीनिचवरून धरतात, एवढाच फरक.

जिओलोकेटर हेच करतो. त्यात एक घड्याळ असते, उजेड मोजणारा एक डोळा असतो आणि नोंद साठविण्याची सोय असते. पक्ष्याच्या पायाला तो बांधला, की ठराविक अंतराने उजेड किती आहे ते तो टिपत राहतो. उजेड कधी पडला व कधी मावळला यावरून पुढे अभ्यासक त्या त्या दिवसाचे स्थान काढतात. ते काही पावलापावलाचे नेमके नसते. त्यात शे-दोनशे किलोमीटरांची चूक संभवते, पण महासागराच्या हिशेबात ती चालते. त्याला आणखीही दोन खोडी आहेत. वसंतसंपात आणि शरदसंपात यांच्या आसपास सर्व पृथ्वीवर दिनमान जवळजवळ सारखे होते, त्यामुळे त्या दिवसांत अक्षांश कळत नाही. आणि ध्रुवाजवळ जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेथे या यंत्राला उदयही नाही आणि अस्तही नाही. प्रकाशाच्या मागे धावणारा हा पक्षी अखंड प्रकाशात पोहोचला, की आपल्या नोंदवहीतून दिसेनासा होतो.

परंतु यंत्राची सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच आहे. ते संदेश पाठवीत नाही. जमविलेली सारी माहिती त्याच्या पोटातच राहते. ती वाचायची असेल, तर तोच पक्षी वर्षभराने त्याच वसाहतीत परत आला पाहिजे, त्याला ओळखणारा कोणीतरी तेथे असला पाहिजे, आणि त्याला पुन्हा पकडता आले पाहिजे.

कार्स्टन एगेवांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या उन्हाळ्यात ईशान्य ग्रीनलंडमधील एका बेटावर ५० आणि आइसलंडमध्ये २० आर्क्टिक सुरयांना ही यंत्रे बसविली. प्रत्येक यंत्र १.४ ग्रॅमचे, सोनाराच्या जुन्या मापाने सुमारे दीड माशाचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली ११ यंत्रे हाती आली, दहा ग्रीनलंडची आणि एक आइसलंडचे. सत्तरांपैकी अकरा! उरलेले सारे पक्षी मेले असे मात्र समजू नये. काही परतले असतील, पण पकडता आले नसतील. काही दुसऱ्या बेटावर उतरले असतील. त्यांच्याविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण त्यांची नोंद आपल्यापाशी नाही. जे काही कळले ते त्या अकरांकडून.

त्या अकरांनी काय सांगितले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरातला सरासरी प्रवास ७०,९०० किलोमीटर भरला. हा पक्षी तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. तेवढ्या आयुष्यातला त्याचा सारा प्रवास मोजला, तर चंद्रापर्यंत तीन वेळा जाऊन परत येण्याइतका होतो. पण आकड्यांपेक्षा वाट अधिक बोधप्रद आहे. ती सरळ नाही. दक्षिणेकडे जाताना पक्षी पश्चिम आफ्रिकेच्या दिशेने आले. तेथे केप व्हर्डे बेटांच्या सुमारास त्यांच्या वाटा फुटल्या. सात पक्षी आफ्रिकेच्या किनाऱ्याने गेले, तर चार अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने. परतीची वाट आणखी निराळी. ती इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणे घेत महासागराच्या मध्यातून आली, कारण वाऱ्यांची दिशा तशी होती. जाताना सरासरी ९३ दिवस लागले, येताना ४०. वारा पाठीशी घेऊन लांबून जाणे हे वाऱ्याशी झुंजत जवळून जाण्यापेक्षा स्वस्त पडते, हे शहाणपण आपल्या जुन्या शिडाच्या गलबतांनाही होते.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट मात्र प्रवासाच्या आरंभीच घडली. दक्षिणेकडे निघालेले हे पक्षी उत्तर अटलांटिकच्या मधोमध, कोणत्याही किनाऱ्यापासून दूर, सरासरी २५ दिवस थांबले. तेथे बेट नाही, खडक नाही. आहे ते अन्नाने समृद्ध असलेले पाणी. पुढच्या उष्ण आणि तुलनेने उपाशी समुद्रातून जाण्याआधी त्यांनी तेथे शिदोरी बांधून घेतली, असे दिसते. हा मुक्काम यापूर्वी कोणालाही ठाऊक नव्हता.

पुढे याहून मोठे आकडे मिळाले. फार्न बेटांवरून २०१५ मध्ये निघालेल्या एका सुरयाने २०१६ मध्ये परत येईपर्यंत सुमारे ९६,००० किलोमीटर प्रवास केल्याची नोंद आहे. परंतु विक्रमांच्या मोहात न पडता मी आपल्याला एका लहान पक्ष्याकडे वळवितो, कारण त्याने एका खात्रीच्या समजुतीला धक्का दिला.

फॅलरोप हा पाणथळीचा चिमुकला पक्षी, वजनाने ३५ ग्रॅमच्या आसपास. लाल मानेच्या जातीचा फॅलरोप विणीनंतर उरलेले वर्ष चक्क भर समुद्रात काढतो. स्कँडिनेव्हियातले हे पक्षी हिवाळ्यात आपल्या अरबी समुद्रावर येतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड द्वीपसमूहात फेटलार नावाचे बेट आहे. तेथेही हे पक्षी थोड्या संख्येने वीण करतात. शेजारचे सारे अरबी समुद्रावर जातात, तेव्हा हेही तिकडेच जात असावेत, असा तर्क होता. तर्क सयुक्तिक होता. २०१२ मध्ये फेटलारवरच्या दहा पक्ष्यांना जिओलोकेटर बसविले. २०१३ मध्ये त्यांतला एक परत पकडता आला. त्या एकाची नोंद वाचली तेव्हा कळले, की तो पूर्वेकडे गेलाच नव्हता. अटलांटिक ओलांडून, आइसलंड व ग्रीनलंडच्या दक्षिणेने, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने आणि कॅरिबियन समुद्रावरून तो थेट प्रशांत महासागरात, गालापागोस बेटे आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या पाण्यावर गेला होता. जाऊन-येऊन सुमारे २५ हजार किलोमीटर. दहातल्या एका पक्ष्याच्या परत येण्याने नकाशावरचा बाण पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरला. तो परत आला नसता, तर चुकीचा बाण पुस्तकांत आणखी कित्येक वर्षे तसाच राहिला असता, आणि त्याला खोटे म्हणण्याचे कारण कोणालाच सापडले नसते.

आता कोणी विचारील, की हे सारे कळून उपयोग काय? जिज्ञासा हे स्वतःच एक प्रयोजन आहे, असे उत्तर एका ग्रंथालयात देता येईल. पण येथे प्रयोजन त्याहून निकडीचे आहे. ज्या पक्ष्याचा मुक्काम कोठे आहे हेच ठाऊक नाही, त्याचे रक्षण आपण कोठे करणार? उत्तर अटलांटिकच्या ज्या मध्यभागात सुरय थांबत होते, त्याच परिसरात इतर अनेक जातींचे पक्षीही येतात, हे पुढे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा दिसून आले. दीड हजारांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदींवरून २१ जातींचे पक्षी तो भाग वापरतात असे ठरले, आणि त्यांची संख्या पन्नास लाखांपर्यंत असावी असा अंदाज निघाला. त्या आधारावर ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी झालेल्या ऑस्पार करारातील राष्ट्रांनी २०२१ मध्ये सुमारे सहा लाख चौरस किलोमीटरांचा तो समुद्र संरक्षित म्हणून घोषित केला. कोणत्याही राष्ट्राच्या हद्दीत नसलेले, नकाशावर केवळ निळे दिसणारे ते पाणी पक्ष्यांच्या पायांतल्या एवढ्याशा यंत्रांमुळे माणसाच्या नजरेत आले.

मात्र एक टोक सांभाळून भागत नाही. २०२२ मध्ये पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाने ब्रिटनच्या समुद्रपक्ष्यांत थैमान घातले. फार्न बेटांवर हजारो पक्षी मेले, आणि बेटे पर्यटकांना बंद करावी लागली. सुरयांची पिल्ले ज्या सँडईल नावाच्या लहान माशांवर वाढतात, त्यांची धंदेवाईक मासेमारी इंग्लंडच्या उत्तर समुद्रातील पाण्यात आणि स्कॉटलंडच्या साऱ्या पाण्यात २०२४ पासून बंद करण्यात आली. ज्याच्या वर्षाचा नकाशा दोन्ही ध्रुवांना स्पर्श करतो, त्याचे घर म्हणजे ते बेट, तो मासा, मधला मुक्काम, वारा आणि दक्षिणेचा बर्फ हे सारे मिळून. त्यांतले एक जरी बिघडले, तरी पुढच्या उन्हाळ्यात वसाहतीवरची एखादी जागा रिकामी राहते. ती का रिकामी राहिली, हे मात्र पक्षी सांगू शकत नाही.

श्रोतेहो, समारोप करतो. या विद्येत मला सर्वांत मोलाचे काय वाटते, तर तिचा प्रामाणिकपणा. सत्तर गेले, अकरांची नोंद मिळाली, तर ती अकरांच्याच नावावर मांडली जाते. दहा गेले, एक आला, तर एकाचेच सांगितले जाते. आणि दुसरे म्हणजे, त्या एकासाठी कोणीतरी त्याच बेटावर, त्याच वाऱ्या-पावसात, वर्षभराने पुन्हा येऊन थांबलेला असतो. गेलेला परत येईल की नाही, याची हमी त्याला कोणी दिलेली नसते.

आपल्या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या मेजामागे शंभर वर्षे कोणी ना कोणी असेच बसत आले. पुस्तक बाहेर गेल्याची तारीख त्यांनी लिहिली आणि परत आल्याची तारीख लिहिली. काही पुस्तके परत आली नाहीत, त्यांच्यापुढची जागा कोरी राहिली. ती कोरी जागा कोणी खोट्या तारखेने भरली नाही, हे मी त्या नोंदवह्यांचे मोठेपण समजतो. ज्या मायबोलीच्या मुलखापासून दूर येऊन येथे आपण पिढ्यान् पिढ्या राहिलो, त्या भाषेची पुस्तके वाचायला येणाऱ्यांसाठी हे दार उघडे ठेवणे, हेही त्या बेटावर थांबण्यासारखेच काम आहे. दुसऱ्या शतकातही त्या मेजामागे कोणीतरी बसलेला असावा आणि त्याच्यापुढे नोंदवही उघडी असावी, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो.